खेळाडू मुलांचा ईसीजी: आईवडील, वस्ताद आणि कोच नेहमी विचारतात ते प्रश्न

निवड चाचण्यांचे दिवस जवळ आले की आमच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर ट्रॅकसूट घातलेली मुलं दिसू लागतात. मुलाच्या मांडीवर किटबॅग, वडिलांच्या हातात गुलाबी चौकटींचा लांबट कागद, म्हणजे ईसीजी, हृदयाच्या विजेचा आलेख. मुलाला सरावाला उशीर होत असतो आणि वडिलांना रात्रभर झोप लागलेली नसते. मी खेळाडूंची हृदयं तपासते. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. तुमच्या मुलाबद्दलचा निर्णय त्याला समोर बसवून, तपासूनच घ्यायला हवा. पण त्या भेटीला जाताना काय विचारायचं हे तुम्हाला माहीत असलं तर फार फरक पडतो.

मशीननेच कागदावर ‘अ‍ॅबनॉर्मल ईसीजी’ छापलंय. खेळ बंद करायचा का?

तेवढ्यावरून नाही. आधी तो कागद खेळाडूंचे ईसीजी वाचायची सवय असलेल्या डॉक्टरांना दाखवा. तुमचा मुलगा रोज पहाटे उठून दहा किलोमीटर पळतो हे मशीनला ठाऊक नसतं. त्यात भरलेले निकष दवाखान्यात येणाऱ्या सर्वसाधारण पेशंटचे असतात. त्या मापाने मोजलं तर चांगला कसलेला खेळाडू आजारी दिसू शकतो.

एक उदाहरण सांगते. सतरा वर्षांचा, चढाईत पटाईत असा एक कबड्डीपटू माझ्याकडे आला तेव्हा त्याचा खेळ बंद होऊन चार महिने झाले होते. एका ठिकाणी फिटनेस सर्टिफिकेटसाठी काढलेल्या ईसीजीवर डावा कप्पा जाड असल्याचं छापून आलं आणि खाली पेनाने लिहिलं गेलं, ‘हृदय मोठे, खेळ वर्ज्य’. घरी आजीने त्याला पाण्याची कळशीसुद्धा उचलू दिली नव्हती. मी कागद पाहिला तर उंच उठलेल्या रेघांपलीकडे त्यात काही नव्हतं. छातीवरच्या इलेक्ट्रोडपैकी व्ही-१ मधली खालची रेघ आणि व्ही-५ मधली वरची रेघ यांची बेरीज ३५ मिलिमीटरच्या पुढे गेली की मशीन ते वाक्य छापतं. पोरगा सडपातळ, छातीवर चरबी नाही, त्यामुळे इलेक्ट्रोड हृदयाच्या अगदी जवळ. रेघा उंच येणारच. टी वेव्ह (ठोक्यानंतरची ठेंगणी टेकडी, तिच्याबद्दल पुढे) सरळ होत्या, एसटी (तिच्या आधीचा सपाट भाग) खाली गेलेला नव्हता, घरात कुणाला हृदयविकाराचा इतिहास नव्हता, इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, भिंत १० मिलिमीटर, म्हणजे नॉर्मल. तो त्या आठवड्यात मॅटवर परतला. पण हुकलेली निवड चाचणी त्याला परत मिळाली नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

ठोके मिनिटाला ४२ आहेत. इतके कमी ठोके चालतात का?

दमसासाचा खेळ खेळणाऱ्याला चालतात. रोज तासन् तास पळणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या, पोहणाऱ्या मुलाचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं, म्हणून विश्रांतीत त्याला कमी ठोके पुरतात. मिनिटाला ३० पर्यंतचे ठोके खेळाडूत नैसर्गिक मानले जातात. अट एवढीच की चक्कर येत नसावी आणि पळायला लागल्यावर ठोके भराभर वाढावेत. मी अशा मुलाला जिन्याचे दोन मजले चढून यायला सांगते आणि लगेच नाडी बघते. ९०-१०० च्या पुढे गेली की बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो.

मग खेळाडूच्या ईसीजीत काय चालतं आणि काय चालत नाही?

याची जगभर मान्य झालेली एक मोजपट्टी आहे. २०१५ साली अमेरिकेतल्या सिएटल शहरात बऱ्याच देशांतले तज्ज्ञ एकत्र बसले आणि २०१७ मध्ये खेळाडूंचे ईसीजी वाचण्याचे आंतरराष्ट्रीय निकष प्रसिद्ध झाले. डॉक्टरांशी बोलताना ‘२०१७चे आंतरराष्ट्रीय निकष’ एवढे शब्द लक्षात ठेवले तरी पुरे.

सरावामुळे होणारे बदल, ज्यांच्यामुळे खेळ थांबवायचं कारण नाही, ते असे: मंद ठोके, श्वासाबरोबर कमीजास्त होणारे ठोके, पीआर अंतर (वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत वीज पोचायला लागणारा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या थोडं पुढे जाणं, अर्धवट राइट बंडल ब्लॉक (उजव्या बाजूच्या वीजवाटेत अर्धवट अडथळा), एसटीचा भाग किंचित वर उचललेला असणं, आणि फक्त रेघांची उंची वाढणं. यांतल्या कशाबद्दल कागदावर काहीही छापलेलं असो, मुलाला काही त्रास नसेल आणि घरात इतिहास नसेल तर पुढच्या तपासणीची गरज नसते.

काही गोष्टी मधल्या पायरीवरच्या. उदाहरणार्थ हृदयाचा अक्ष (विजेची एकूण दिशा) डावीकडे किंवा उजवीकडे झुकलेला असणं, वरचा कप्पा मोठा वाटणं, पूर्ण राइट बंडल ब्लॉक. यांतली एकच असेल तर सोडून द्यायची. दोन किंवा जास्त एकत्र दिसल्या तर इको करायचा.

ज्यांच्याकडे डोळेझाक करायचीच नाही अशा खुणा वेगळ्या आहेत. व्ही-५, व्ही-६ आणि खालच्या लीडमध्ये (लीड म्हणजे हृदयाकडे एकेका बाजूने पाहणारी रेघ) उलट्या झालेल्या टी वेव्ह. एसटी खाली घसरलेला. लेफ्ट बंडल ब्लॉक. पीआर अंतर १२० मिलिसेकंदांच्या आत आणि क्यूआरएसच्या (मोठ्या टोकदार रेघेच्या) पायथ्याशी उतार, म्हणजे डेल्टा वेव्ह. दुरुस्त केलेला क्यूटी (एका ठोक्यात खालच्या कप्प्यांच्या विजेच्या पूर्ण फेरीला लागणारा वेळ, ठोक्यांच्या वेगाशी जुळवून घेतलेला) मुलग्यात ४७० आणि मुलीत ४८० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त. ब्रुगाडा या विजेच्या आजाराची विशिष्ट कमान. दहा सेकंदांच्या पट्टीत खालच्या कप्प्यांतून निघणारे दोन किंवा जास्त जादा ठोके. यांतलं काहीही दिसलं तर पूर्ण तपासणी होईपर्यंत स्पर्धा थांबवणंच बरोबर. मंत्र्याची चिठ्ठी आणा नाहीतर कोचने हात जोडले तरी माझं उत्तर बदलत नाही.

क्यूटीबाबत मशीनचा आकडा डोळे झाकून घेऊ नये. ठोके फार मंद किंवा फार जलद असले की गणित चुकतं. लीड-२ किंवा व्ही-५ मध्ये पट्टी ठेवून हाताने मोजावं लागतं. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणून लहान चौकट म्हणजे ४० मिलिसेकंद. मी आजही पेन्सिलने खूण करून मोजते.

टी वेव्ह उलटी म्हणजे नेमकं काय? डॉक्टर त्यालाच एवढे का घाबरतात?

ठोका पडून गेल्यावर हृदयाचा स्नायू पुढच्या ठोक्यासाठी विजेच्या दृष्टीने पुन्हा तयार होतो. कागदावर मोठ्या टोकदार रेघेनंतर जी ठेंगणी टेकडी येते, ती ही टी वेव्ह. बहुतेक लीडमध्ये ती वर असते. स्नायू जाड झाला, त्यात चट्टे पडले किंवा चरबी शिरली, की ही तयारी बिघडते आणि टेकडीचा खड्डा होतो. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथीत, म्हणजे स्नायू जाड होण्याच्या आजारात, कधीकधी इको अजून स्वच्छ असतो, भिंत जाड झालेली नसते, आणि तरी टी वेव्ह उलटलेल्या असतात. म्हणून व्ही-५, व्ही-६ मध्ये खड्डा दिसला आणि इको नॉर्मल आला तरी मी थांबत नाही. एमआरआय करते, आणि तोही नॉर्मल आला तर खेळू देते, पण दरवर्षी पुन्हा बोलावते. ‘इको नॉर्मल आलाय, आता कशाला?’ असं वडील विचारतात तेव्हा मी हेच समजावते.

वयाचा भाग आहेच. सोळा वर्षांच्या आतल्या मुलांत व्ही-१ ते व्ही-३ मध्ये टी वेव्ह उलटी असणं वाढीच्या वयाचा भाग असू शकतं. सोळानंतर ती तशीच राहिली तर पाहावं लागतं. आणखी एक. कृष्णवर्णीय आफ्रिकी वंशाच्या खेळाडूंत व्ही-४ पर्यंतचे काही बदल नैसर्गिक धरले जातात. ती सवलत आपल्या मुलांना लावलेली मी पाहिली आहे, आणि ती लावू नये. ते निकष मुख्यतः गोऱ्या आणि कृष्णवर्णीय खेळाडूंच्या अभ्यासावर उभे आहेत. भारतीय खेळाडूंचे मोठे अभ्यास व्हायला हवेत अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मैदानावर तरुण खेळाडूचं हृदय बंद पडणं किती वेळा घडतं?

क्वचित. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळाडूंत वर्षाला साधारण ५० हजारांत एक. इंग्लंडच्या १५ ते १७ वर्षांच्या अकादमी फुटबॉलपटूंचा जो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हे प्रमाण वर्षाला सुमारे १४,८०० मध्ये एक निघालं, म्हणजे समजत होतो त्याहून जास्त. मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त दिसतं. आकडा लहान आहे म्हणून खेळाला घाबरू नका. बैठ्या मुलांची हृदयं पुढे जाऊन काय भोगतात ते मी रोज बघते.

याला कोणते आजार कारणीभूत असतात?

पस्तिशीच्या आतले बहुतेक आजार जन्मतः किंवा घराण्यातून आलेले असतात. हृदयाचा स्नायू अकारण जाड करणारी हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी साधारण ५०० माणसांत एकाला असते. २००३ साली फ्रान्समध्ये कॉन्फेडरेशन्स कपच्या उपांत्य सामन्यात कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फोए मैदानात कोसळून गेला, त्याला हाच आजार निघाला होता. त्याखेरीज उजव्या कप्प्याचा स्नायू चरबीने बदलून टाकणारा आजार, लाँग क्यूटी आणि ब्रुगाडासारखे विजेचे आजार, जादा विद्युतमार्ग म्हणजे डब्ल्यूपीडब्ल्यू, तापानंतर स्नायूला येणारी सूज, आणि चुकीच्या जागेहून निघणाऱ्या हृदयाच्या रक्तवाहिन्या.

यांत आपल्याकडे एक भर घालावी लागते: संधिवाताच्या तापाने खराब झालेली झडप. लहानपणी वरचेवर घसा सुजणं, मग ताप येऊन एकामागून एक सांधे दुखणं, आणि पुढे दहा वर्षांनी पळताना दम लागणं. यात ईसीजी बराच काळ साफ असू शकतो, पण छातीला स्टेथोस्कोप लावला की झडपेचा आवाज ऐकू येतो. परदेशी नियमावल्यांत याला फारशी जागा नसते. आपल्या वस्त्या-वाड्यांतून येणाऱ्या मुलांत मी तो आवाज मुद्दाम शोधते. बनियनवरून स्टेथोस्कोप टेकवून तो सापडत नाही, शांत खोली लागते.

ईसीजी नॉर्मल आला. आता निर्धास्त राहायचं ना?

बरंचसं, पण कायमचं नाही. वर सांगितलेल्या इंग्लंडच्या अभ्यासात ११,१६८ मुलांचा ईसीजी आणि इको दोन्ही केले होते. धोकादायक आजार ४२ जणांत सापडला. पुढे हृदयविकाराने अचानक मरण पावलेल्या आठ जणांपैकी सहा जणांची तपासणी मात्र नॉर्मल आलेली होती, आणि तपासणी ते मृत्यू यांत सरासरी पावणेसात वर्षं गेली होती. हे आजार वाढीच्या वयात हळूहळू उमलतात. तेराव्या वर्षी स्वच्छ असलेलं हृदय अठराव्या वर्षी तसंच असेल असं नाही.

चुकीच्या जागेहून निघालेली रक्तवाहिनी तर ईसीजीत जवळजवळ कधीच दिसत नाही. तिची एकच हाक असते: पळताना छातीत दुखणं किंवा भोवळ. नॉर्मल तपासण्यांचं आणखी एक उदाहरण: डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानावर कोसळला. तो इंग्लंडमध्ये खेळत असताना त्याच्या तपासण्या नियमित होत होत्या आणि नॉर्मल येत होत्या. त्याला वाचवलं ते मैदानावर लगेच सुरू झालेल्या छातीच्या दाबांनी आणि झटका देणाऱ्या यंत्राने.

म्हणून स्पर्धात्मक खेळाला लागताना एकदा ईसीजी, वाढीच्या वयात दर एक-दोन वर्षांनी पुन्हा, आणि मधे काही त्रास झाला तर तारखेची वाट न पाहता.

सगळ्याच खेळाडू मुलांचा ईसीजी सक्तीचा करावा का?

यावर जगातले जाणकार गेली वीस वर्षं भांडत आहेत. इटलीत १९८२ पासून स्पर्धेआधी ईसीजी कायद्याने सक्तीचा आहे. तिथल्या व्हेनेतो भागात १९७९-८० मध्ये लाखामागे ३.६ असलेलं अचानक मृत्यूंचं प्रमाण २००३-०४ पर्यंत ०.४ वर आलं. इस्रायलने १९९७ मध्ये तसाच कायदा केला, तिथे आधी आणि नंतर काही फरक दिसला नाही. अमेरिकेत घराण्याचा इतिहास आणि शारीरिक तपासणी यांची १४ मुद्द्यांची यादी वापरतात, सरसकट ईसीजीचा आग्रह तिथल्या हृदयरोग संघटना धरत नाहीत.

मला स्वतःला असं वाटतं की जिथे कागद नीट वाचणारं माणूस आहे आणि संशय आला तर इको-एमआरआयपर्यंत नेणारी वाट आहे, तिथे ईसीजी जरूर काढावा. राज्य पातळीला जाणाऱ्या, क्रीडा प्रबोधिनीत राहणाऱ्या मुलामुलींचा तर काढावाच. पण शाळेच्या पटांगणात टेबल मांडून एका सकाळी तीनशे ईसीजी काढायचे आणि ते मशीनच्या शेऱ्यावर निकाली काढायचे, याने भल्यापेक्षा नुकसान जास्त होतं. अशा शिबिरानंतर माझ्याकडे आलेल्या मुलांतली निम्मीअधिक उगाच घाबरवलेली होती. मुलांशी आणि त्यांच्या घरच्यांशी दहा मिनिटं नीट बोलायला काही खर्च येत नाही.

घरच्यांना काय विचारायचं? आमच्या घरात हार्टचं कुणाला काही नाही.

‘हार्टचं काही आहे का’ असं विचारलं तर उत्तर नेहमी ‘नाही’ असंच येतं. तरुणपणी गेलेल्या माणसाला हृदयरोग होता असं घरात कुणी समजतच नाही. म्हणून प्रश्न फिरवून विचारावा लागतो. चाळिशी-पन्नाशीच्या आत कोण अचानक गेलं? झोपेत कोण गेलं? पाळण्यातलं बाळ गेलं का? गाडी सरळ रस्त्यावर असताना कुणाचा अपघात झाला? कुणाला फिट यायच्या आणि औषधाने थांबत नव्हत्या?

एकदा एका जलतरणपटू मुलीची आजी सोबत आली होती. आईवडिलांनी ‘नाही’ म्हणून झालं होतं. मी विचारलं, घरात पोहता येणारं कुणी बुडालंय का? आजी एकदम गप्प झाली. मग म्हणाली, ‘हिचा चुलत आजोबा. विहिरीत मुटका मारला आणि वर आलाच नाही. लोक म्हणाले, विहिरीला नाद आहे.’ विहिरीत लहानपणापासून पोहणारा पंचविशीतला गडी होता तो. मुलीचा क्यूटी हाताने मोजला, ४९० च्या वर निघाला. लाँग क्यूटीचा एक प्रकार असा आहे की नेमकं पोहताना, पाण्यात उडी घेताना ठोके बिघडतात. आज ती मुलगी गोळ्या घेते, तिच्या धाकट्या भावाचीही तपासणी झाली, आणि ती आता नेमबाजी करते. त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कुणी विचारलं नसतं तर हे कळलं नसतं. तपासणीला येताना आजी-आजोबांना घेऊन या, निदान फोनवर तरी विचारून या.

पळताना चक्कर येऊन पडला. ऊन लागलं असेल का?

पडणं नेमकं कधी झालं हे आठवून सांगा, कारण सगळं त्यावर ठरतं. शर्यत संपून थांबल्यावर, रांगेत उभं असताना डोळ्यांपुढे अंधारी आली असेल तर बहुतेक वेळा रक्त पायांत साचल्यामुळे ते होतं, आणि पाय वर करून झोपवलं की मूल उठून बसतं. पण पळता पळता, चढाई सुरू असताना, काही कळायच्या आत तोंडावर पडला असेल तर ते हृदयाचं आहे असं समजूनच तपासा. तोपर्यंत सराव बंद.

उन्हाचा झटका वेगळा, आणि तोही जीव घेतो. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलिस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्यात काही उमेदवारांचा मृत्यू झाला, तेव्हा उन्हाची आणि पाण्याची चर्चा राज्यभर झाली. अंग भट्टीसारखं तापलेलं, बडबड असंबद्ध, अशा मुलाला दवाखान्यात न्यायच्या आधी सावलीत नेऊन बर्फाच्या पाण्याने गार करायला लागा. नंदुरबार, गडचिरोली, विदर्भाच्या पूर्व भागातल्या मुलांत सिकलसेलचा अंश आहे का हेही तपासून घ्यावं. असा अंश असलेलं मूल अति श्रमाने, उन्हात, पाणी कमी पडलं तर कोसळू शकतं, आणि ईसीजीत त्याची खूण नसते. अशा मुलाला खेळू द्यावं, पण सराव हळूहळू वाढवावा आणि मधे थांबू द्यावं.

ताप आला होता, स्पर्धा परवा आहे. खेळू द्यावं का?

नाही. अंगदुखीसह ताप असताना जोराचा सराव केला तर विषाणूची सूज हृदयाच्या स्नायूपर्यंत जाण्याची भीती असते. ताप उतरून मूल ताजंतवानं होऊ द्या. तापानंतर छातीत दुखत असेल, धडधड होत असेल, पूर्वीच्या निम्म्या अंतरात दम लागत असेल तर ईसीजी आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) तपासा. सूज निघालीच तर तीन ते सहा महिने विश्रांती.

जिममध्ये दम वाढवायला इंजेक्शन देतात म्हणे. त्याने हृदयाला काही होतं?

होतं, आणि वाईट होतं. मेफेन्टरमाइन हे शस्त्रक्रियेत खाली गेलेला रक्तदाब वर आणायचं औषध. ते काही जिममध्ये आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलांत चोरून टोचलं जातं, पोलिसांनी पुण्यासह अनेक ठिकाणी साठे पकडले आहेत. ते ठोके आणि रक्तदाब जबरदस्तीने वाढवतं, सवय लावतं, आणि दीर्घकाळ घेतलं तर हृदयाचा स्नायू कमजोर करू शकतं. स्टेरॉइडने भिंती खरोखर जाड होतात, रक्त घट्ट होतं. मुलगा माझ्याकडे येतो तेव्हा मी वडिलांना बाहेर थांबायला सांगते आणि एकट्यालाच विचारते. वस्तादांना माझी विनंती आहे, तालमीत तुमचा शब्द डॉक्टरपेक्षा मोठा असतो, तो या बाबतीत वापरा.

ईसीजी काढताना काय काळजी घ्यावी?

त्या दिवशी सराव नको, आदल्या दिवशीही फार जोराचा नको. दहा मिनिटं पडून राहू द्या. दहा इलेक्ट्रोड लागतात. व्ही-१ आणि व्ही-२ चौथ्या फासळीच्या खालच्या फटीत लावायचे असतात. ते घाईत वर सरकले की नसलेला बंडल ब्लॉक किंवा उलटी टी वेव्ह दिसते. हाताच्या वायरी अदलाबदल झाल्या तर लीड-१ मध्ये सगळं उलटं येतं. म्हणून चमत्कारिक कागद आला की मी आधी तो पुन्हा काढते. मुलींसाठी महिला तंत्रज्ञ, पडदा आणि सोबत आई असावीच. ओशाळलेली मुलगी अंग आखडून पडते, रेघा थरथरतात, आणि संकोचाने इलेक्ट्रोडही चुकीच्या जागी लागतात. जुने सगळे ईसीजी एका फाइलमध्ये जपून ठेवा. तो थर्मल कागद काही वर्षांत पांढरा पडतो, म्हणून मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

जनुक चाचणी करून घ्यावी का?

निरोगी मुलाची सरसकट नको. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांसह झालेल्या संशोधनात २००९ मध्ये दिसलं होतं की भारतीय उपखंडातल्या सुमारे चार टक्के लोकांत हृदयस्नायूच्या एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो. चार टक्के म्हणजे केवढी माणसं! त्यातले बहुतेक जण धडधाकट म्हातारे होतात. असा अहवाल हातात पडला की घर उगाच खचतं. घरात कुणाला आजार सिद्ध झाला असेल आणि त्याचा जनुकदोष सापडला असेल, तर मात्र भावंडांची चाचणी जरूर करा.

आजार निघालाच तर खेळ कायमचा संपला का?

आजारावर अवलंबून आहे, आणि चित्र पूर्वीपेक्षा आशेचं आहे. डब्ल्यूपीडब्ल्यू असेल तर मांडीच्या शिरेतून तार नेऊन तो जादा मार्ग जाळून टाकतात. बहुतेकांत तो कायमचा बरा होतो आणि मूल काही आठवड्यांत मैदानावर परत येतं. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथीत पूर्वी सरसकट बंदी असायची. आता भिंतीची जाडी, चट्टे, घराण्याचा इतिहास, होल्टर (दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र) हे सगळं पाहून मूल, आईवडील आणि डॉक्टर मिळून ठरवतात. एरिक्सनच्या छातीत आयसीडी, म्हणजे गरज पडली तर आतूनच झटका देणारं यंत्र, बसवलं. इटलीचे नियम त्यासह खेळू देत नाहीत, म्हणून मिलानचा क्लब सुटला, पण इंग्लंडमध्ये तो २०२२ च्या फेब्रुवारीत पुन्हा उतरला. कुणाला मात्र खेळ बदलावा लागतो. पंधरा वर्षांच्या पोराला हे सांगणं माझ्या कामातलं सर्वांत जड काम आहे. अशा वेळी त्याला रडू द्या, ‘जीव वाचला हे काय कमी’ असं लगेच म्हणू नका. पंचगिरी, स्कोअरिंग, लहान मुलांना शिकवणं, यांतलं काही त्याला त्याच मैदानावर द्या.

मैदानावर कुणी कोसळलं तर काय करायचं?

कुणालाही धक्का न लागता पडलेला खेळाडू हाक मारून उठत नसेल, तर हृदय थांबलंय असंच धरा. हातपाय झटकले जातात, घशातून घोरल्यासारखा आवाज येतो. लोकांना वाटतं फिट आली. मग कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल, कुणी मुठीत किल्ल्या देतं, आणि जी दोन-तीन मिनिटं त्याची असतात ती निघून जातात. झटक्याचं यंत्र लागायला उशीर होत जाईल तशी जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते.

एकाने १०८ला फोन करायचा. एकाने यंत्र आणायला धावायचं, त्याला एईडी म्हणतात, चालू केलं की ते स्वतःच सूचना देतं. तिसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून दाबायला लागायचं: मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दाबणारा दोन मिनिटांत थकतो, माणूस बदला. फासळी मोडेल ही भीती सोडा, फासळी जुळते.

छातीवर चेंडू किंवा कोपर नेमक्या क्षणी बसूनही निरोगी हृदय थांबू शकतं. सीझन बॉलने खेळणाऱ्या पोरांत हे लक्षात ठेवा. टकरीनंतर कोसळलेला तरुण खेळाडू आपल्याकडे गोव्याच्या लोकांना चांगला आठवतो. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात धेंपो क्लबचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर गोल करताना गोलरक्षकावर आदळला आणि पुन्हा उठला नाही. मैदानावरच्या वैद्यकीय तयारीवर तेव्हा देशभर टीका झाली.

तुमच्या क्लबमध्ये किंवा तालमीत एवढं आजच विचारा: एईडी आहे का, नसेल तर जवळचं कुठे आहे, छाती दाबायला कितीजणांना येतं, आणि रुग्णवाहिका आत यायला फाटक कोण उघडतं. एका संकुलात मी विचारलं तेव्हा यंत्र होतं, नवंकोरं, ऑफिसच्या कपाटात. किल्ली ज्याच्याकडे होती तो संध्याकाळी सहाला घरी जायचा, आणि मुलांचा सराव साडेसहाला सुरू व्हायचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते काढून मॅटच्या शेजारच्या भिंतीवर, मुलांच्या हाताला येईल असं टांगलं.